कूलरचं पाणी आणि सतरा कुंड्या

पार्श्वभूमी

गावाचं नाव देत नाही, कुटुंबाचंही नाही. अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव आहे एवढं पुरे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. इथे विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आंघोळ करून आलं तरी अंग चिकट राहतं. नळाला सातपुड्याकडच्या धरणाचं गोडं पाणी येतं, पण आठ-आठ दिवसांनी. त्यामुळे प्रत्येक घरात पाण्याच्या दोन जाती असतात. गोडं पाणी पिण्याला आणि रांधायला, खारं पाणी बाकी सगळ्याला.

घर माझ्या गुरुजींचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मला चौथीत गणित शिकवलेले. घरात ते आणि काकू दोघंच. लेक पुण्याला. दिवाळीत ती गाडी भरून रोपं घेऊन आली आणि बैठक, ओसरी, अंगण मिळून सोळा कुंड्या मांडून गेली. मनी प्लांट तीन, स्पायडर प्लांट चार, स्नेक प्लांट दोन, अरेका पाम, ड्रॅसिना आणि पीस लिली एकेक, ओसरीत दोन क्रोटन, कोरफड, मोगरा. सतरावी तुळस, ती मात्र अंगणातल्या वृंदावनात आधीपासूनची. जाताना लेक सांगून गेली, "बाबा, पाणी तेवढं विसरू नका."

गुरुजी ते विसरणारे नव्हेतच. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक कुंडीला एक गडवा पाणी. शाळेच्या घंटेसारखं.

मी तालुक्याच्या गावाला लहानशी रोपवाटिका चालवतो. लोक झाड घ्यायला येतात त्याहून जास्त वेळा वाळलेल्या झाडाचा फोटो दाखवायला येतात. बहुतेकांची गोष्ट एकच असते, पाणी जास्त झालेलं असतं. त्यामुळे मलाही एक सवय लागली होती, समोरचा बोलायच्या आधीच उत्तर तयार ठेवण्याची. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या सवयीमुळे.

अडचण

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिलच्या मध्यात कूलर लागले आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला.

"अरे बाबू, पोरीचे झाडं सुकून रायले. रोज पानी देतो, एक दिवस खंड नाही. काहून असं होऊन रायलं?"

गेलो. बाहेर ४४ अंश, बैठकीत कूलरमुळे बरं होतं. स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत. पीस लिली मान टाकून बसलेली. अरेकाच्या पात्यांची कड जळाल्यासारखी. ड्रॅसिनाची खालची पानं पिवळी. मनी प्लांट निस्तेज, पण उभे. स्नेक प्लांट आणि कोरफडीला काही झालेलं नव्हतं.

पीस लिलीच्या कुंडीत बोट खुपसलं. माती ओली, जवळजवळ चिखल. झाड मान टाकतंय आणि माती ओली आहे, म्हणजे मुळं कुजली. माझ्या डोक्यात एवढंच आलं. त्यात कुंडीतली माती वावरातली काळी. कापसाची काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र ओली झाली की गोळा आणि वाळली की भेगा. भेगा पडल्यावर पाणी घातलं की ते मुळांना न भेटता भेगेतून सरळ खाली उतरतं. शिवाय फरशीवर डाग नकोत म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लॅस्टिकची बशी, आणि प्रत्येक बशीत पाणी.

पहिला निर्णय, आणि तोच चुकला

मी सांगितलं, "गुरुजी, रोज गडवाभर द्यायचं बंद करा. आठवड्यातून एकदाच द्या, पण भरपूर द्या. खालून निथळेपर्यंत."

पुस्तकी सल्ला म्हणून यात खोट नाही. रोज थोडं थोडं पाणी दिलं की वरची दोन बोटं माती कायम ओली राहते आणि खालची मुळं कोरडी. क्वचित पण पोटभर दिलेलं पाणी केव्हाही बरं. पण दोन गोष्टी मी विचारल्या नाहीत. पाणी कुठलं देता, आणि बशीत उतरलेल्या पाण्याचं काय करता?

विचारल्या नाहीत याचं एक कारण घाई. दुसरं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. ज्यांनी कान धरून पाढे म्हणवून घेतले, त्यांची उलटतपासणी कशी घ्यायची? चहा पिऊन निघालो.

निघताना अंगणातल्या तुळशीजवळून गेलो. मेच्या उन्हात उभी असलेली तुळस हिरवीगार, मंजिऱ्यांनी लदलेली. पाहिली, छान आहे म्हटलं आणि गाडीला किक मारली. कूलरच्या गारव्यातली झाडं करपतात आणि ४४ अंशातली तुळस डोलते, हे कोडं समोर उभं असताना मला दिसलं नाही.

तीन आठवड्यांनी

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी काकूंचा. "तू सांगतलं तसंच केलं बाप्पा, तरी दोन मेले."

पीस लिली गेली होती, आणि एक स्पायडर प्लांट. दुसऱ्या स्पायडरची शेवटची घटका होती, दोन दिवसांनी तोही गेला. बाकीच्यांची टोकंच नव्हे, अर्धी पानं तपकिरी. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, मातीच्या कुंड्यांवर पांढरा थर चढलेला. बोटाने खरवडून जिभेला लावला. खारट.

आता मात्र पीस लिलीची कुंडी उलटी केली. हे पहिल्याच भेटीत करायला हवं होतं. पाणी जास्त होऊन कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते, आत दोऱ्यासारखा गाभा राहतो, आणि आंबूस वास येतो. इथे मुळांची टोकं काळी पडलेली होती, पण मूळ टणक होतं. साल निसटत नव्हती, वासही नव्हता. ही कूज नव्हती. मुळं पाण्यात बसून तहानलेली होती.

"गुरुजी, पाणी कुठलं घालता?"

"तू म्हनलं नं आठवड्यातून एकदा, भरपूर. मग शुक्रवारचं कूलरचं घालतो. तसंही फेकाच लागते."

गोष्ट अशी होती. आशाताई घरोघरी सांगून जातात, डासांसाठी कोरडा दिवस पाळा, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. रास्त सांगणं. गुरुजींनी शुक्रवार ठरवला. ज्या गावात पाण्याच्या थेंबाला किंमत, तिथे टाकीभर पाणी मोरीत सोडायला त्यांचं मन होईना, म्हणून ते बादलीने कुंड्यांना. हेही रास्त. एप्रिलपासून रोज बोअरचं गडवाभर आणि शुक्रवारी कूलरचं, असं चालू होतं. मग मी आलो आणि आठवड्यातून एकदाच म्हणालो. त्यांनी रोजचं बंद केलं आणि शुक्रवारचं ठेवलं. म्हणजे माझ्या सल्ल्यानंतर झाडांना फक्त कूलरचं पाणी मिळू लागलं.

तीन रास्त गोष्टी एकावर एक बसल्या आणि झाडं गेली. माझी त्यातली तिसरी.

कूलरच्या पाण्यात काय असतं

कूलर गार हवा देतो तो पाणी उडवून. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीत मागे राहतात. संध्याकाळी टाकी पुन्हा भरली की नवे क्षार जुन्यांत मिसळतात. कूलरच्या गवतावर आणि जाळीवर जो पांढरा खरपुडा धरतो, तो याचाच.

कॅनच्या पाण्याच्या प्लांटवर काम करणाऱ्या पोराकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मागून आणलं. खिशातल्या पेनाएवढं असतं, पाण्यात बुडवलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार त्याचा आकडा दाखवतं. नळाचं पाणी २१०. कॅनचं ७०. बोअरचं १,२४०. कूलरच्या टाकीतलं, त्या दिवशी टाकी भरून पाच दिवस झाले होते, ५,८००.

गुरुजींनी मीटर हातात घेऊन तोच आकडा दोनदा तपासला. मग पाटीवर मांडतात तसा हिशेब तोंडीच मांडला. टाकी पन्नास लिटरची. रोज चाळीसेक लिटर वरून भरावं लागतं. पाच दिवसांत दोनशे लिटर. म्हणजे अडीचशे लिटरचं मीठ पन्नास लिटरात. पाचपट. बाराशे चाळीस पाचे सहा हजार दोनशे. "चारशे कुठं गेले?" त्यांनीच विचारलं आणि कूलरच्या जाळीवरच्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवलं.

भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बोअरचं १,२४० हे माणसाला नाइलाजाने चालेल असं पाणी. पण माणूस मीठ लघवीवाटे, घामावाटे बाहेर टाकतो. कुंडीतून बाहेर पडायला एकच वाट, तळाचं भोक. आणि त्या भोकाखाली बशी होती. निथळलेलं पाणी बशीत साचायचं, माती ते पुन्हा वर ओढून घ्यायची. मीठ येत होतं, जात नव्हतं.

"पण माती तर ओली होती," काकू म्हणाल्या. "ओल्या मातीत झाड कसं सुकंन?"

त्यांच्यासमोरच परातीत कैरीच्या फोडी होत्या, लोणच्यासाठी सकाळी मीठ-हळद लावून ठेवलेल्या. फोडींखाली वाटीभर पाणी सुटलेलं. मी परात त्यांच्याकडे सरकवली. हे पाणी तुम्ही घातलं का? नाही. मिठाने फोडीतलं पाणी बाहेर ओढलं. मुळाभोवती मीठ जास्त झालं की मुळाला पाणी आत घेताच येत नाही, फार झालं तर मुळातलंच बाहेर ओढलं जातं. काकूंनी एक फोड उचलली, दोन्ही बोटांत वाकवली. सकाळी कडक असलेली फोड लवली. त्यांनी ती परत परातीत टाकली आणि काही बोलल्या नाहीत.

मग मी गुरुजींना एकच विचारलं. "वावराला हे बोअरचं पाणी देतो का आपण?"

"नाही बा. वावर चोपन होईन."

चोपण म्हणजे सोडियमने मातीचे कण सुटे होऊन जमीन वर कडक, आत चिकट होणं. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. कपाशी, तूर, हरभरा पावसाच्या ओलीवर घेतात, पण खारं पाणी वावरात सोडायला हात धजत नाही. तेच पाणी घरात आणून वितभर कुंडीत ओतताना कोणाच्या मनात आलं नाही. गुरुजींच्या नाही आणि माझ्याही नाही. कुंडी म्हणजे वावर नव्हे, असं कुठेतरी आपण धरून चाललेलो असतो.

तुळस

तुळशीचं कोडं काकूंनीच सोडवलं. "तुळशीले कूलरचं पानी कोनी टाकते का? शिळं रायते थे."

आंघोळ झाल्यावर त्या पिण्याच्या गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पळीभर पाणी तुळशीला घालत आणि नमस्कार करून त्याच गुंडातलं गडवाभर पाणी वृंदावनात ओतत. देवाला गोडं पाणी. वृंदावनाला तळ नाही, मुळं थेट जमिनीत. वर ऊन भरपूर, त्यामुळे रोज पाणी दिलेलं मानवतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत एक मनी प्लांटची फांदीही होती, ती कोणी मोजलीच नव्हती. माठातल्या पाण्यात, झळझळीत हिरवी. दोन साक्षीदार पहिल्या दिवसापासून घरात हजर होते.

पर्याय

इथे तासभर बोलणं झालं. मी कागदावर काही लिहिलं नव्हतं, आठवतं तसं देतो.

गुरुजींचा पहिला प्रश्न, पाणी उकळून दिलं तर? उलट होईल. उकळताना वाफ जाते ती पाण्याची, विरघळलेलं मीठ राहतं. तुरटी फिरवली तर? तुरटीने गढूळपणा खाली बसतो, मीठ बसत नाही. रात्रभर उघडं ठेवलं तर? त्याने नळाच्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडतो, क्षार नाही.

कॅनचं पाणी घ्यावं का? वीस लिटरला दहा रुपये, आठवड्याला दीड कॅन. पैशाची अडचण नव्हती. काकू म्हणाल्या, "गावातल्या बाया डोक्यावर गुंड आनतात अन् आपन शोभेच्या झाडाले कॅन ओतायची? लोक काय म्हनतीन?" मला हा आक्षेप हलका वाटला नाही. झाडांचा सल्ला देणारे लोक पाण्याची किंमत लिटरमध्ये मोजतात, गावात ती डोळ्यांत मोजली जाते.

झाडं बदलावीत का? स्नेक प्लांट, कोरफड टिकले होते, तेवढेच ठेवायचे. सोपा मार्ग. पण लेकीने आणलेली झाडं होती.

मार्ग काकूंच्याच तोंडून निघाला, नकळत. डाळ खाऱ्या पाण्यात शिजत नाही म्हणून डाळ-तांदूळ धुतात, भिजवतात तेही गोड्या पाण्यातच. भाजीही. ते पाणी मोरीत जातं. मोजलं तर दिवसाला चार लिटरच्या आसपास. सोळा कुंड्यांना, एकेकीला सरासरी अर्धा लिटर, आठवड्यातून तीनदा धरलं तरी चोवीस लिटर. भागत होतं. शिवाय एकदा वापरलेलं पाणी, म्हणजे लोकांच्या बोलण्याचाही प्रश्न मिटला.

राहिला प्रश्न आधीच साचलेल्या मिठाचा. ते धुऊन काढायला कुंडीच्या आकाराच्या दुप्पट तरी गोडं पाणी वरून सावकाश सोडून खाली वाहू द्यावं लागतं. काळ्या मातीतून ते उतरणार कसं? किंवा माती बदलायची. किंवा पावसाची वाट पाहायची.

काय केलं

सगळ्या बशा काढल्या. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवल्या आणि खाली जुनी परात. निथळलेलं पाणी वीस मिनिटांत ओतून टाकायचं.

पाच कुंड्यांची माती त्याच दिवशी बदलली. जास्त खराब होत्या त्यांची, अरेकाचीही. एक भाग काळी माती, दोन भाग जाडी वाळू, दोन भाग जुनं कुजलेलं शेणखत. वाळू मूठभर टाकून भागत नाही, काळ्या मातीत थोडी वाळू म्हणजे वीट पाडण्याची तयारी. ती मातीपेक्षा जास्तच हवी. लेकीने भरताना तळाला खडे घातले होते, ते काढले. खड्यांनी निचरा सुधारतो असं सगळेच मानतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, सीमेवर अडून राहतं, आणि ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरतो.

बाकीच्या कुंड्यांना हात लावला नाही. मृग कोरडाच गेला, आर्द्रात पाऊस धरला. पहिल्या सरीने पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ दिली आणि मग पन्हाळीखाली दोनशे लिटरचा ड्रम लावला. कुंड्या अंगणातल्या कडुनिंबाखाली मांडल्या. पाऊसही मिळावा आणि मध्येच ऊन पडलं तर सावलीही. बैठकीतलं झाड एकदम उघड्यावर नेलं तर ढग हटल्यावर तासाभरात पानं भाजतात. चार दिवसांची झड लागली. निथळणारं पाणी मी एका कुंडीखाली धरून मोजलं. पहिल्या दिवशी ३,१००, चौथ्या दिवशी ४६०. पावसाने फुकटात जे केलं ते आम्हाला नळाच्या पाण्याचा अख्खा ड्रम खर्चूनही जमलं नसतं.

पाणी कधी द्यायचं यासाठी तुरीची काडी ठरवली. वावरात तुराट्यांचा ढीग असतोच. बोटाएवढी जाड, सोललेली काडी कुंडीत वीतभर खोचून ठेवायची, दोन मिनिटांनी काढून पाहायची. ओला गारा चिकटून आला तर आज नाही. काडी कोरडी, धुळकट आली तर द्यायचं, आणि द्यायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत. गुरुजींना वार ठरवून हवे होते, सोमवार-गुरुवार असे. मी नाही म्हटलं. मेमध्ये ओसरीतल्या मोगऱ्याला एक दिवसाआड लागेल, तोच श्रावणात आठ दिवस मागणार नाही. स्नेक प्लांट पावसाळ्यात तीन आठवडे राहील. वार झाडाला कळत नाहीत. ते थोडे नाराज झाले, मग त्यांनी वहीत रकाने आखले आणि काडीची तारीख लिहू लागले. शिस्त शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने आणलीच.

काय झालं

अरेका गेला. मातीबदलानंतर दहा दिवसांत. ४३ अंशात, मुळं आधीच भाजलेली असताना मी ती हलवली. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. बाकी चार कुंड्या कशाबशा तगल्या.

श्रावणात वेगळीच भानगड. बैठकीत बारीक काळी चिलटं. डाळ-तांदळाच्या पाण्यातला पिठूळपणा, वर दमट हवा, मातीचा वरचा थर सतत ओला, त्यात त्यांची पिल्लं होतात. काकू पाणी वाया जाऊ नये म्हणून साठेल तेवढं घालत होत्या, काडी न पाहता. एका मनी प्लांटची खालची पानं पिवळी, मऊ पडली. या वेळी मात्र खरंच पाणी जास्त झालं होतं. फरक डोळ्यांनी कळतो. मिठाने पान टोकाकडून, कडेकडून वाळतं आणि कुरकुरीत होतं. जास्त पाण्याने अख्खं पान पिवळं पडतं, मऊ राहतं, देठाशी ढिलं होतं. मी पहिल्या भेटीत ही दोन्ही एकाच पोत्यात भरली होती. पावसाळ्यापुरतं धुवणाचं पाणी बंद करून ड्रममधलं पावसाचं पाणी सुरू केलं, वरची दोन बोटं माती वाळू दिली, चिलटं पंधरा दिवसांत ओसरली.

नोव्हेंबरात लेक आली तेव्हा सतरापैकी तेरा झाडं होती. जळालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती कापून टाकावी लागली, पण नवी पानं टोकापर्यंत स्वच्छ होती. उरलेल्या दोन स्पायडर प्लांटना लोंबती पिल्लं आली, त्यांच्या आणखी चार कुंड्या झाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत एक कुंडी उलटी करीन. पाच मिनिटांचं काम, मुळं खोटं बोलत नाहीत. मीटर आता दुकानातच ठेवलं आहे, आणि गिऱ्हाइकाला किती पाणी घालता हे विचारायच्या आधी कुठलं घालता हे विचारतो. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी झाडांना घालणारे या पट्ट्यात बरेच निघाले. तेही कूलरच्याच भावकीतलं, मीठ एकवटलेलं.

जूनमध्ये माती बदलणार नाही. आर्द्राची वाट पाहिली असती तर अरेका कदाचित वाचला असता. मला काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं, कारण आधीचा सल्ला चुकला होता. हे त्या दिवशी कळत नव्हतं, घरी येताना गाडीवर कळलं.

काकूंना मी काडी दाखवलीच नव्हती, फक्त गुरुजींना दाखवली. पाणी घालणारा हात घरात एकच असतो असं धरलं. श्रावणातली चिलटं त्याचंच फळ.

कूलरचं पाणी आता शुक्रवारी संडास-मोरी धुवायला जातं. अरेकाची मोठी कुंडी रिकामी होती, तिच्यात नवी माती भरून काकूंनी सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. त्याला मात्र रोज पाणी लागतं, आणि ते त्या रोज घालतात, पिण्याच्या गुंडातून.